आमदारकीचा सातबारा

गेल्या दिवाळीत भावकीतला एक पोरगा अंगणात येऊन बसला. वय एकोणतीस, कृषी पदविका झालेली, चार एकर डाळिंब, आणि मोबाइलात स्वतःच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचे फोटो. म्हणाला, "अण्णा, आमदारकीची तयारी करायचीय. सुरुवात कुठनं करू?"

मी विचारलं, "तुझ्या सातबाऱ्यावर इतर हक्कात काय काय आहे?"

"बघावं लागंल."

"मग बघूनच ये."

रुसून गेला. पण मी टोमणा मारला नव्हता. इतर हक्काच्या रकान्यात जमिनीवरचे बोजे आणि दुसऱ्यांचे हक्क लिहिलेले असतात. एका कोरडवाहू शेतकरी आमदाराचा मी चार टर्म स्वीय सहायक होतो. त्यांना सगळा तालुका नाना म्हणायचा, म्हणून मीही नानाच लिहितो. सात एकर रान, त्यातलं दोन एकर विहिरीवर भिजणारं, बाकीचं आभाळाच्या भरवशावर. शिक्षण जुनी अकरावी. चारदा निवडून आले, मधे एकदा पडले. मतं त्यांना बांधावर मिळाली, पण त्यांनी जे काही काम केलं ते कागदावर केलं. आणि शेतकऱ्याच्या पोराचं घोडं अडतं ते इथंच. तलाठ्याच्या दारात टोपी हातात धरून उभं राहायची तीन पिढ्यांची सवय असते. कागद म्हटला की तो वकिलाकडं किंवा गावातल्या एजंटाकडं ढकलतो. त्या पोराला जे सांगायचं होतं, ते इथं लिहून ठेवतो.

आधी स्वतःचं दप्तर

विधानसभेला वय २५ पूर्ण लागतं, ग्रामपंचायत आणि झेडपीला २१. वय आपोआप होतं, कागद आपोआप होत नाहीत. निवडणुकीच्या निदान दोन वर्षं आधी हाताशी घ्या.

घरातल्या सगळ्या जमिनीचे सातबारे आणि आठ-अ, म्हणजे एका खातेदाराच्या नावावरच्या सगळ्या जमिनीचे उतारे, काढा. आजोबांचं नाव कमी झालेलं नसतं. वारस नोंदीत आत्यांची नावं राहून गेलेली असतात. सोसायटीचं कर्ज फिटून पाच वर्षं झाली तरी बोजा तसाच असतो. हे फेरफार टाकून नीट करून घ्या. कारण उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ चं शपथपत्र द्यावं लागतं, आणि त्यात शेतजमिनीचा गट नंबर, क्षेत्र, वडिलोपार्जित की खरेदीची, खरेदीची असेल तर तारीख आणि तेव्हाची किंमत, जमिनीवर केलेला खर्च, आजची अंदाजे किंमत, असं सगळं लिहायचं असतं. बायकोचं वेगळं, अवलंबितांचं वेगळं, एकत्र कुटुंबाचं वेगळं. शिवाय कुणाचं किती देणं आहे तेही. व्यवसायाच्या रकान्यात 'शेती' तर सगळेच लिहितात, ज्यांनी कधी दारं धरली नाहीत तेसुद्धा. तुम्ही लिहिलंत तर ते सातबाऱ्यावर दिसलं पाहिजे.

पहिल्या निवडणुकीच्या आधी नानांनी दोन्ही बहिणींची नावं उताऱ्यावर लावून घेतली. भावकीत बोंब झाली, सख्खा भाऊ वर्षभर बोलला नाही. पण प्रचारात 'बहिणीचं खाल्लं' असं म्हणायची सोय कुणालाच उरली नाही.

दुसरं दप्तर पोलीस ठाण्याचं. शेतकरी आंदोलनातनं वर आलेल्या माणसावर गुन्हे असतातच. दूध ओतलं, ऊसदरासाठी ट्रॉल्या अडवल्या, रास्ता रोको केला की बेकायदा जमावाचं कलम ठरलेलं. पुढं दहा वर्षं तारखा पडत राहतात आणि माणूस विसरून जातो. शपथपत्र विसरू देत नाही. प्रत्येक प्रलंबित गुन्ह्याचा एफआयआर नंबर, पोलीस ठाणं, कोर्ट, कलम, सगळं त्यात लागतं, आणि प्रचाराच्या काळात तीन वेळा वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर जाहीरही करावं लागतं. नानांवर सहा होते. आम्हाला पाच आठवत होते. सहावा शेजारच्या तालुक्यातला निघाला, त्यात वॉरंटही होतं. तेव्हा आठवणीवर जाऊ नका. ज्या ज्या ठाण्याच्या हद्दीत घोषणा दिल्यात तिथं जाऊन यादी मागा.

गावापासून सुरुवात करणार असाल तर आणखी तीन गोष्टी बघा. घरपट्टी थकलेली नको, १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेलं तिसरं मूल नको, आणि गोठा गायरानात नको. सरकारी जागेवरच्या अतिक्रमणानं सदस्यत्व गेलेले लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. गोठा बांधला बापानं, अपात्र झाला पोरगा.

सोसायटी, मग बाकीचं

पोरांना आधी सरपंच व्हायचं असतं. माझं ऐकाल तर विकास सोसायटीत, म्हणजे पीककर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत शिरा. तिथं फ्लेक्स लागत नाही म्हणून तिकडं कुणी बघत नाही. पण सोसायटीचे संचालक बाजार समितीला मतदान करतात, आणि जिल्हा बँकेला सोसायटीचा ठराव ज्याच्या नावानं झालाय तो मतदान करतो. तालुक्याच्या राजकारणात 'ठराव कुणाचा झाला' यावर मुडदे पडायची वेळ येते, ती उगाच नव्हे. एक अट मात्र आहे. थकबाकीदाराला संचालक होता येत नाही.

नाना चेअरमन असतानाचा ३१ मार्च सांगतो. पीककर्जाचं नवं-जुनं करायची ती शेवटची तारीख. जुनं भरलं तर नवं मिळतं. भरायला पैसे नसतात, म्हणून माणूस अडत्याकडं जातो, शेकडा दोननं उचलतो, सोसायटीत भरतो आणि नवं कर्ज आलं की अडत्याचं फेडतो. दीड लाखाचं कर्ज असेल तर महिन्याचे तीन हजार अडत्याच्या खिशात. नवं कर्ज आठवड्यात येवो नाहीतर तीन आठवड्यांनी, तो महिन्याचंच घेतो. सगळं गाव हे नशीब म्हणून भोगत होतं.

नाना जानेवारीपासून गटसचिवाला घेऊन बसले आणि उशीर कुठं होतो ते शोधलं. बँकेत पैसा अडकत नव्हता, कागद अडकत होते. कुणाचा आठ-अ जुना, कुणाची पीकपाहणी नोंदलेली नाही, कुणाचा बाप वारलाय आणि वारस लागलेला नाही. फेब्रुवारीतच सगळ्या सभासदांच्या फायली करून घेतल्या. त्या वर्षी भरणा झाल्यावर चौथ्या दिवशी नवं कर्ज खात्यावर आलं. मग नाना अडत्यासमोर जाऊन बसले आणि म्हणाले, चार दिवसांचं व्याज घे. अडत्या हसला, पण घेतलं तेवढंच. पुढं नानांना त्या गावात भाषण करावं लागलं नाही.

आता तर वेळेत फेडलं की डॉ. पंजाबराव देशमुख योजनेत तीन लाखांपर्यंत व्याज शून्य पडतं. म्हणजे तारीख चुकवणं आणखी महाग झालंय. तुमच्या गावात किती जणांची चुकते? माहीत नसेल तर तिथनं सुरुवात करा.

बांधावर उभं राहू नका

हे ऐकून लोक चकित होतात. शेतकऱ्याचा पोरगा पुढारी झाला की पहिल्या महिन्यात कुणीतरी बांधाचं किंवा रस्त्याचं भांडण घेऊन येतो. 'तू नुसता ये, उभा राहा, तो गप्प बसतो.' जाऊ नका. तुम्ही एका बाजूला उभे राहिलात की दुसऱ्या बाजूची सत्तर मतं पिढ्यान्पिढ्या गेली. तीही एक गोष्ट, पण मुख्य म्हणजे ते काम तुमचं नाही.

वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारापुढं दावा चालतो. बांधावरून नवा रस्ता हवा असेल तर जमीन महसूल अधिनियम १९६६ चं कलम १४३. अर्ज, नोटिसा, स्थळपाहणी, निकाल, वर अपील किंवा फेरतपासणी. तहसीलदार तिथं न्यायाधीशाच्या जागी असतो. अशा प्रकरणात त्याला फोन करणारा आमदार एकाचं काम करतो आणि सगळ्यांचा न्याय बिघडवतो. नानांकडं आलेल्या माणसाला मी दोन्ही कलमांचे छापील नमुने द्यायचो, भरून द्यायचो आणि चहा पाजायचो. प्रतिवादी आला तर त्यालाही चहा पाजायचो.

भांडणाआधी रस्ता करून देता आला तर सोनं. रोजगार हमीतून पाणंद रस्ते होतात, २०२१ मध्ये त्यासाठी मातोश्री योजना आली. आमदाराला स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी मिळतो, पण त्यातून त्यानं फक्त कामं सुचवायची असतात, मंजुरी जिल्ह्याला. आणि सुचवतात काय, तर सभामंडप, पेव्हर ब्लॉक आणि हायमास्ट. उजेड सगळा देवळापुढं, आणि ऊस तोडून न्यायला रस्ता नाही. असो.

अर्जाचा दिवस

यावर थोडक्यात लिहितो, कारण हे सगळं छापील मिळतं. अर्ज ११ ते ३. अनामत १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीसाठी ५,०००. मान्यताप्राप्त पक्षाला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात, आणि ते त्याच मतदारसंघातले मतदार हवेत. चार अर्जांपर्यंत भरता येतात. दोन तरी भरा, एकात चूक निघाली तर दुसरा तारतो. निवडणूक खर्चाचं वेगळं बँक खातं अर्जाच्या आदल्या दिवशीपर्यंत उघडलेलं हवं. खर्चाची मर्यादा ४० लाख. एकाच माणसाला १०,००० च्या वर रोखीनं द्यायचे नाहीत, मग तो मांडववाला तुमचा साडू का असेना. निकालानंतर ३० दिवसांत हिशोब. पडलेले उमेदवार हा हिशोब विसरतात आणि तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरतात. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर अनामत जप्त.

शपथपत्रात रकाना कोरा सोडायचा नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आल्यापासून कोऱ्या रकान्यावर अर्ज जातो. नानांच्या शेवटच्या निवडणुकीत मी, म्हणजे चार निवडणुका कोळून प्यालेला माणूस, अवलंबितांच्या तिसऱ्या रकान्यात रेघ ओढून मोकळा झालो होतो. टेबलावरच्या अव्वल कारकुनानं बोट ठेवलं. "ही रेघ म्हणजे काय? निरंक की लागू नाही?" घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटं. सुदैवानं छाननीच्या वेळेपर्यंत नवं शपथपत्र देता येतं. ते त्याच संध्याकाळी स्टॅम्पपेपर शोधून केलं. नाना वाटेत एवढंच म्हणाले, "रेघा नांगरानं ओढायच्या."

सभागृहात

आता खरी गोष्ट. निवडून आलात, गुलाल धुतला, विधानभवनाच्या पायऱ्या चढलात. २८८ माणसं. बहुतेकांचा आवाज तुमच्याहून मोठा. मुंबईत अर्थसंकल्पी आणि पावसाळी, नागपुरात हिवाळी. नव्या आमदाराला वाटतं भाषण करावं. आधी प्रश्न विचारायला शिका.

नानांनी मला पहिला तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, सांगितला तो असा होता: 'आमच्या भागातील शेतकऱ्यांवर घोर अन्याय होत असताना शासन झोपले आहे काय?' मी हौसेनं लिहिला, पाठवला. सचिवालयानं अस्वीकृत केला. प्रश्नात आरोप, उपरोध, अनुमान चालत नाही. माहिती विचारायची असते. त्याचा साचा ठरलेला आहे आणि तो साचा म्हणजे फार हुशार माणसाचं काम आहे:

'सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :— (१) अमुक तालुक्यातील अमुक गावी अमुक महिन्यात असे झाले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

उत्तरंही ठरलेली. 'होय', 'हे अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही', आणि सगळ्यात वाईट, 'प्रश्न उद्भवत नाही'. पहिल्या भागात तुम्ही एक चूक केलीत की खातं 'हे खरे नाही' म्हणतं आणि उरलेले तिन्ही भाग उद्भवेनासे होतात.

आमचं तसंच झालं. एका गावातला तलाव फुटला होता, चाळीस एकर माती वाहून गेली. आम्ही लिहिलं 'गावतळे फुटल्यामुळे'. गावात सगळे गावतळंच म्हणतात. सरकारी दप्तरी तो पाझर तलाव होता. उत्तर आलं: हे खरे नाही. प्रश्न उद्भवत नाही. प्रश्न उद्भवत नाही. लोकांच्या रानात गुडघाभर खड्डे, आणि छापील पुस्तकात ती घटना घडलेलीच नाही. नाना त्या रात्री आमदार निवासात जेवले नाहीत. मी तर नानांच्या डोळ्याला डोळा द्यायला धजलो नाही.

तेव्हापासून नियम केला. कामाचं नाव त्याच्या अंदाजपत्रकावर आहे तसंच लिहायचं. ते कुणाच्या ताब्यात आहे ते बघायचं: १०० हेक्टरपर्यंतच्या सिंचन क्षमतेचं काम झेडपीच्या लघुपाटबंधाऱ्याकडं, त्याच्या वरचं मृद व जलसंधारणाकडं, मोठं असेल तर जलसंपदाकडं. चुकीच्या मंत्र्याला विचारलेला प्रश्न म्हणजे चुकीच्या पत्त्याचं पाकीट. आणि पहिल्या भागात एकच गोष्ट विचारायची, जिला 'होय' शिवाय उत्तर देता येणार नाही.

तारांकित प्रश्नावर तोंडी उपप्रश्न विचारता येतो, अतारांकितावर नाही. म्हणून हातातली सगळी पानं छापील प्रश्नात दाखवायची नाहीत. एकदा टँकरच्या प्रश्नावर मंत्र्यांनी मंजूर खेपांचा आकडा वाचला. नाना उठले, खिशातनं एका वाडीच्या शाळेतल्या बाईंनी ठेवलेली वही काढली आणि पंधरा दिवसांत प्रत्यक्ष किती खेपा आल्या ते तारखांसकट वाचलं. आवाज चढवला नाही. मंत्री म्हणाले, तपासून पाहतो. नाना म्हणाले, कधीपर्यंत? हा एक शब्द जास्त विचारायची सवय लावा. मंत्र्यानं सभागृहात 'करण्यात येईल' म्हटलं की ते आश्वासन होतं आणि त्याचा माग काढायला आश्वासन समिती असते. वर्षभरानंतर त्या समितीला पत्र लिहिणारे आमदार फार थोडे. पत्राला लागतं मात्र एकच पान.

प्रश्नाशिवाय लक्षवेधी आहे, नियम १०५ खाली. नियम २९३ ची चर्चा आहे, पुरवणी मागण्या आहेत, शुक्रवारी अशासकीय कामकाज आहे. पुरवणी मागण्यांवर बोलायला संध्याकाळी सातनंतर नंबर लागतो. बाकं रिकामी, मंत्री एखाददुसरा, गॅलरीत कुणी नाही. नव्या आमदाराला अपमान वाटतो आणि तो निघून जातो. नाना थांबायचे. म्हणायचे, प्रतिवेदक लिहितोय ना? मग झालं. दुसऱ्या दिवशी मी सभागृहातल्या भाषणांची 'असुधारित प्रत' मिळवायचो, नानांनी ज्या गावाचं नाव घेतलं असेल त्या गावाच्या सरपंचाला त्या पानाची झेरॉक्स जायची. काही घरांत ती झेरॉक्स देव्हाऱ्याशेजारी लावलेली मी पाहिली आहे.

समित्यांना नाकं मुरडू नका. दौऱ्यातली जेवणं बदनाम आहेत आणि ती बदनामी खरीही आहे. पण लोकलेखा, अंदाज, पंचायत राज, रोजगार हमी या समित्यांत खात्याचा सचिव तुमच्यासमोर कागद घेऊन बसतो. सभागृहात तो कधी बसत नाही. आणि घाई करू नका. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला त्यांनी १९६५ मध्ये मागेल त्याला कामाचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळानं त्याची गरज साऱ्या राज्याला पटवली, रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. विसापूरपासून मोजली तर चौदा वर्षं. आमदारकीची टर्म पाच वर्षांची.

पाणी आधी कागदावर येतं

दुष्काळाचंही तसंच. डिसेंबरात नागपुरात घसा फोडून पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या तुलनेत पीक किती आलं त्याचा आकडा, खाली येत नाही. पैसेवारी पन्नासच्या आत यायला पाहिजे हे पोरासोरांना ठाऊक असतं, पण ती ठरते कुठं? पीक कापणी प्रयोगात, दहा मीटर बाय पाच मीटरच्या चौकोनात. तो चौकोन कुणाच्या बाजरीत टाकला, ओढ्याकाठच्या की माळावरच्या, यावर गावाचा आकडा हलतो. नाना सप्टेंबर-ऑक्टोबरात तलाठ्याबरोबर रानात उभे असायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते उभे. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी हिरवाई हे सगळं आलंय. ३१ ऑक्टोबर २०१८ ला १५१ तालुके जाहीर झाले ते त्याच पद्धतीनं. पण आजही पर्जन्यमापक नीट चालतोय का, त्यावर कुणाच्या चिंचेची फांदी आलीय का, हे बघायला आमदार व्हावं लागत नाही.

आणि कालवा. आमच्या तालुक्याच्या शेपटाला कालवा पोचला तेव्हा लोकांनी नारळ फोडले, पेढे वाटले. पाणी आलं नाही. तीन वर्षं नाना कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत म्हणत राहिले, टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटाला, पाणी नाही. चौथ्या वर्षी एका तरुण अभियंत्यानं रजिस्टर उघडून समोर धरलं. आमच्या वितरिकेसमोर लिहिलं होतं: मागणी निरंक.

पाणी पाहिजे तर नमुना सातचा अर्ज भरावा लागतो. गट नंबर, पीक, क्षेत्र, सही. मागची पाणीपट्टी भरलेली पाहिजे. त्या मागणीवर आवर्तनाचा, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळीचा, हिशोब बसतो. आमच्या लोकांनी अर्ज भरले नव्हते, कारण पाणी येत नव्हतं. पाणी येत नव्हतं, कारण अर्ज नव्हते. आणि तीन वर्षं ओरडणारा आमदार आणि त्याचा शहाणा पीए, दोघांनाही हे ठाऊक नव्हतं. हेडच्या गावांना बरोबर ठाऊक होतं, ते दरवर्षी भरायचे.

पुढच्या दोन सोमवारी आठवडी बाजारात, कोंबडी बाजाराच्या कडेला आम्ही टेबलं टाकली. दोन शिक्षक, गटसचिव, मी. लोक पिशव्या खाली ठेवून सातबारा दाखवायचे, आम्ही भरायचो. म्हाताऱ्या अंगठा द्यायच्या. तीनशेच्या वर अर्ज झाले. प्रत्येकाची दुसरी प्रत करून शाखा कार्यालयातनं पोच घेतली. पुढच्या बैठकीला नाना बोललेच नाहीत, गठ्ठा टेबलावर ठेवला. त्या उन्हाळ्यात आवर्तन 'टेल टू हेड' सोडायचं ठरलं. पाणी अकरा दिवस उशिरा आलं, पण आलं. रात्री दोन वाजता फोन आला, "अण्णा, बोकाड कापू का?"

पडल्यावर

नाना तिसऱ्या निवडणुकीत पडले. पडल्यावर काय करायचं हे कुणी शिकवत नाही. पहिले आठ दिवस घरी माणसं रडायला येतात, त्यांना चहा करून करून घर थकतं. नवव्या दिवसापासून कुणी येत नाही. तो नववा दिवस जड.

आम्ही आधी खर्चाचा हिशोब दिला. मग नमुना २० काढला, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. जिथं सगळ्यात कमी पडली त्या बारा केंद्रांची यादी केली. नाना एसटीनं एकेका गावाला गेले. भाषण नाही, सभा नाही. पारावर बसून विचारायचे, काय चुकलं? एका गावात उत्तर मिळालं, तुमच्या पीएला फोन लागत नाही. नाना माझ्याकडं बघत बसले.

या बाबतीत सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं उदाहरण नाना नेहमी द्यायचे. पक्ष वेगळा असूनही द्यायचे. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले, १९७२ ला पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला अवघ्या १९२ मतांनी पडले, १९९९ ला परत आले. २०१४ पर्यंत एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातून ११ वेळा. मंत्री दोनदाच, १९७८ आणि १९९९ ला. बाकी बहुतेक काळ विरोधी बाकावर. एसटीनं फिरणारा आमदार म्हणून त्यांचं नाव राज्यभर झालं, पण नानांना त्याचं कौतुक कमी. नाना म्हणायचे, एसटीनं मीही फिरतो. बघायचं असेल तर १३ दुष्काळी तालुक्यांसाठी नागनाथअण्णा नायकवडींबरोबर त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदा किती वर्षं चालवल्या ते बघा. तोच विषय, तीच मागणी, आणि कंटाळा नाही.

पाच वर्षं पडलेल्या माणसानं खायचं काय, हाही प्रश्न आहे. नानांनी त्या काळात दोन एकर डाळिंब लावलं, स्वतः छाटणी शिकले. तेल्या रोग आला, अर्धी बाग काढावी लागली. पण आमदारकी गेली तरी चूल चालते, हे घरच्यांना दिसलं. माझा सल्ला, निवडून आल्यावरही रान खंडानं देऊ नका. निदान एक पट्टा स्वतःच्या हातात ठेवा, म्हणजे युरियाची गोणी लिंकिंगशिवाय, दुसरा माल गळ्यात मारल्याशिवाय, मिळत नाही हे तुम्हाला कुणी निवेदन देऊन सांगावं लागणार नाही.

तो पोरगा परवा परत आला. या वेळी हातात फाइल होती. सातबारा काढला, इतर हक्कावर बोट ठेवलं. आजोबांच्या नावचा तगाईचा, म्हणजे सरकारी कर्जाचा बोजा, १९७२ सालचा. आजोबांना जाऊन तीस वर्षं झालीत.

"फेडला नव्हता का?"

"फेडलाय. पावती सापडली, आईच्या ट्रंकेत. तलाठी म्हणतोय तहसीलला जावा."

"मग जा. अर्ज दोन प्रतीत कर, पावतीची झेरॉक्स जोड, मूळ पावती कुणाच्या हातात देऊ नको. आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरनं उठायचं नाही."

"शिक्का नाही म्हणाले तर?"

"तर तिथंच बसून राहायचं. डबा घेऊन जा."